उतारू

मराठीत नावेत बसलेल्या माणसाला ‘उतारू’ म्हणतात. आज हा शब्द आगगाडीच्या आणि एस.टी.च्या संदर्भात अधिक ऐकू येतो. पण त्याच्या पोटात पाणी आहे. नदी जेथून पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे ‘उतार’, आणि संस्कृतातील ‘तॄ’ ह्या धातूपासून तीर्थ, तारक, अवतार, तारू असे सारे गणगोत निघालेले. चढून बसलेल्या माणसाला त्याच्या उतरण्यावरून नाव मिळावे, ह्यात आपल्या भाषेने नौकेविषयी घेतलेली एक भूमिका आहे असे आम्हांस वाटते. नावेत बसायचे ते पलीकडे उतरण्यासाठी. मधले पाणी म्हणजे सोसायचे अंतर. म्हणूनच नौकेचे वेड माणसाला पहिल्यांदा लागते कसे, हा प्रश्न मराठीतून विचारू लागले की आधी भाषेशीच थोडे भांडावे लागते.

आपल्या काव्यातील पाण्याचे सर्वांत भव्य रूपक ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात आहे. मायेची नदी दुथडी भरून वाहते आहे आणि माणसे ती तरून जाण्याचे नाना उपाय करीत आहेत. कुणी आपल्या बुद्धीच्या बळावर पोहू पाहतो, कुणी वेदांची सांगड बांधून प्रवाहात उतरतो, आणि बहुतेक सारे मधेच बुडतात. तरतो तो अनन्यभावाने शरण गेलेला. आणि त्याचे तरणे कसे, तर त्याला ऐलतीरावरच पाणी सरलेले आढळते. हे वर्णन करणारा कवी पाण्याचा मोठा जाणकार आहे. भोवरे, पूर, लाटा, मगरी ह्यांतले काही त्याच्या नजरेतून सुटत नाही. तरीही त्याच्या लेखी परमसुख आहे ते पाणी नाहीसे होण्यात. सहाशे वर्षांनंतर, १९०९ साली, सावरकर ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्राला उद्देशून कविता लिहितात तेव्हाही मागणे वाहून नेण्याचेच आहे. समुद्र हा नेणारा आणि कवी हा जाणारा.

ह्यामागे केवळ अध्यात्म नाही. समुद्रगमन कलियुगात वर्ज्य ठरविणारे धर्मशास्त्र लेखणी धरणाऱ्या जातींनी शतकानुशतके पाळले. वल्हे धरणाऱ्या जाती वेगळ्या होत्या. कोकणातल्या घरांत पाण्याचे जे भय होते त्याला अलीकडची कारणेही होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या लहानपणी त्या दिवसाचा उल्लेख झाला की घरातील वडीलधारी मंडळी बोलता बोलता थांबत. अशा घरांतून नौकेचे प्रेम वारशाने मिळत नाही. ते बाहेरून यावे लागते आणि बहुधा कुणा परक्या माणसाच्या हातून येते.

आमची माध्यमिक शाळा खाडीच्या पलीकडे होती. वाशिष्ठीचे पाणी चिपळूणकडून येऊन दाभोळला समुद्राला मिळते. तिच्या काठी तेव्हा अशी कितीतरी गावे होती, ज्यांची शाळा, बाजार नाहीतर दवाखाना पैलतीराला होता. रोज दोनदा आम्ही पोरे तरीने, म्हणजे पैलपार नेणाऱ्या होडीने, जा-ये करीत असू. पहिली दोन वर्षे आम्ही अस्सल उतारू होतो. दप्तर मांडीवर, लक्ष पलीकडच्या धक्क्यावर आणि मनात पहिल्या तासाच्या गृहपाठाची धास्ती. त्या दोन वर्षांत आम्ही शेकडो वेळा नावेत बसलो असू. पण नावेविषयी आम्हांला काहीही वाटत नव्हते. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण पाण्याच्या सहवासाने पाण्याची ओढ आपोआप उपजते अशी एक समजूत आहे. सहवास पुरेसा नसतो.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर तरीवाल्या काकांचा खांदा दुखावला होता, आणि त्यांनी आम्हां थोराड पोरांपैकी दोघादोघांना आळीपाळीने वल्ह्यांवर बसवायला सुरुवात केली. आम्ही बळ लावून वल्ही आपटू लागलो. अंगावर पाणी उडाले आणि होडी जागच्या जागी डुलत राहिली. काका सुकाण्यावरून म्हणाले, “पाण्याला मारू नका रे. धरा त्याला.”

मराठीत आपण ‘वल्हे मारणे’ असे म्हणतो; आणि येथे ज्याचा जन्म वल्ह्यावर गेला तो माणूस मारू नका असे सांगत होता. वल्ह्याचे पाते पाण्यात उभे उतरवायचे, पाण्याचा भार हाताला जाणवेतो क्षणभर थांबायचे, आणि मग पाठीने ओढायचे. पाणी धरले गेले की होडी पुढे सरकते; म्हणजे पाणी जागेवर राहते आणि आपण त्याला धरून स्वतःला ओढून नेतो. हे ज्या क्षणी तळहाताला कळले त्या क्षणी काहीतरी बदलले. तोवर पाणी आमच्या आणि शाळेच्या मधे होते. आता ते हातात होते.

त्यानंतरचे शिक्षण हे ह्या एका गोष्टीचे भाष्यच म्हणावे लागेल. धक्क्याकडे नाळ रोखून वल्हवले तर होडी धक्क्याला लागत नाही. ओहोटी तिला खाली दाभोळच्या अंगाला नेऊन सोडते. म्हणून नाळ रोखायची ती धक्क्याच्या बऱ्याच वरच्या अंगाच्या एखाद्या माडावर. भरती असेल तर नेमके उलट. जायचे एकीकडे आणि रोख धरायचा दुसरीकडे, हे आम्ही व्याकरणाच्या तासाला लक्षणेविषयी ऐकण्याच्या कितीतरी आधी शिकलो. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा ठोकताळाही तेव्हाच पाठ झाला. तिथीची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास सुकती. घरात पंचांग होते ते एकादशी आणि चतुर्थी पाहण्यासाठी. त्याच पंचांगात खाडीचेही वेळापत्रक आहे हे आम्हांला ह्या होडीत समजले. आणि दोन वल्ह्यांनी वल्हवणारा पाठमोरा बसतो. त्याला दिसतो तो सोडलेला काठ. उतारूला पैलतीर दिसतो आणि वल्हवणाऱ्याला ऐलतीर. एकाच नावेत दोघांचा प्रवास वेगळा असतो. आमच्या पुढच्या वाचनावर ह्या एका गोष्टीचा फार परिणाम झाला.

केनेथ ग्रॅहमचे ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) आम्ही बऱ्याच उशिरा, महाविद्यालयात वाचले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात आयुष्यात कधी नावेत न बसलेली चिचुंदरीच्या जातीची एक भिडस्त स्वारी, मोल, पाणउंदराच्या होडीत बसते. अभ्यासक त्या नौकाविहाराच्या सुखाविषयी भरभरून लिहितात. आम्हांला मात्र महत्त्वाचे वाटते ते परतीच्या वाटेवर घडते ते. मोलला राहवत नाही, तो वल्ही हिसकावून घेतो आणि होडी उलटते. म्हणजे सुखाने बसून राहणे त्याला अशक्य झाले आहे. उंदीर हसतो, त्याला बाहेर काढतो आणि पुढे वल्हवायला शिकवतो. ग्रॅहम स्वतः बँक ऑफ इंग्लंडचा सचिव होता. आई लहानपणीच वारली आणि आजीकडे टेम्स नदीच्या परिसरात राहायला आल्यावर त्याला नावेत नेले ते धर्मोपदेशक असलेल्या एका मामाने. आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ (१९३०) ह्या कादंबरीमागेही असाच एक उन्हाळा आहे, १९२८चा. मित्राच्या मुलांना त्याने सरोवरात शिडाची होडी चालवायला शिकवले, आणि त्यातून पुस्तक आले. दोन्हीकडे नाव एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलेली दिसते.

पण ग्रॅहमच्या नदीवर पोटासाठी कुणी वल्हे धरीत नाही, आणि येथे आमची वाट त्याच्याहून वेगळी होते. दहावीच्या सुट्टीत आम्ही काकांना मोठ्या उत्साहाने म्हणालो, “काका, तुमचं बरं आहे. दिवसभर पाण्यावर.” ते होडीतले पाणी उपसत होते. उपसता उपसता म्हणाले, “पोटाला आहे म्हणून आहे. आमच्या पोराला मी वल्ह्याला हात लावू देत नाही.” त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. जे त्यांनी आम्हांला हौसेने दिले तेच ते आपल्या मुलापासून तितक्याच निश्चयाने दूर ठेवीत होते, आणि दोन्ही गोष्टी मायेने करीत होते. आमचे नौकाप्रेम ज्या श्रमावर उभे होते ते श्रम करणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. ह्या विसंगतीचा उलगडा आम्हांला आजही करता येत नाही. नौकेवरच्या लेखनात ती दिसली नाही तर मात्र ते लेखन आम्हांला अपुरे वाटते.

ती आम्हांला बंगालीत दिसली. रवींद्रनाथांनी पद्मा नदीवर नावेत राहून लिहिलेली पत्रे विलक्षण सुंदर आहेत. पण ती जमीनदाराच्या मुलाची पत्रे आहेत, वल्ही दुसऱ्यांच्या हातांत आहेत. माणिक बंदोपाध्याय ‘पद्मा नदीर माझि’मध्ये (१९३६) त्या दुसऱ्यांकडे वळले. आणि अद्वैत मल्लबर्मन, जे स्वतः मालो ह्या मासेमार जातीत जन्मले, त्यांनी ‘तिताश एकटि नदीर नाम’ लिहिले. १९५१ साली ते गेले आणि पुस्तक निघाले १९५६ मध्ये. ह्या कादंबरीत नदी आटते तेव्हा एक अख्खा समाज विरून जातो. ज्ञानेश्वरीत पाणी सरणे हा मोक्ष आहे. तिताशवर पाणी सरणे हा मृत्यू आहे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. फरक आहे तो बोलणारा नावेत कुठे बसला आहे ह्याचा.

अलीकडे ‘तॄ’ धातूच्या ह्या गणगोतात एका नावाची भर पडली आहे. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी ह्यांच्या कल्पनेतून निघालेल्या मोहिमेत दिलीप दोंदे ह्यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० ह्या काळात ‘म्हादेई’ ह्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशी करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली, नाव गोव्याच्याच नदीचे. पुढे दोंदे ह्यांनी नौदलातील सहा तरुणींना शीड शिकवले आणि त्या २०१७-१८ मध्ये दुसऱ्या एका नौकेतून जग फिरून आल्या. त्याच नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघून २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या त्या दिलना के. आणि रूपा ए. ह्या दोघीच. नौकेचे नाव ‘तारिणी’. तारणारी हे विशेषण आपण देवतेला देतो आणि स्वतः उतारू होऊन बसतो. ह्या दोघींनी मात्र आठ महिने तारिणीलाच हाताने चालवले. एकाने दुसऱ्याच्या हाती दोर द्यावा, ही रीत मात्र तीच.

आमच्या खाडीवरची ती तरी केव्हाच बंद झाली. दाभोळला मोटारी वाहणारी फेरीबोट आली, इतरत्र पूल झाले. पुलाने पावसाळ्यातली बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचते, त्यामुळे पुलाविरुद्ध बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. काकांच्या मुलालाही वल्हे धरावे लागले नाही, ही त्यांची इच्छा होती आणि ती पुरी झाली. पण खाडीकाठच्या मुलाला कुणी सहज, काही न मागता वल्हे हाती द्यावे, अशी जागा मात्र आता उरलेली नाही. ज्यांना परवडेल ते शुल्क भरून शिकतील. बाकीचे पुलावरून खाली पाहतील.

वर्गात नावेचे रूपक येतच राहणार. भवसागर, पैलतीर, कर्णधार ह्यांवाचून आपल्या पाठ्यपुस्तकांचे भागत नाही. शिकविणाऱ्यांना आमचे सुचविणे एवढेच की रूपक उलगडून झाल्यावर मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा. ह्या नावेत वल्ह्यावर कोण आहे, आणि त्याला कोणता काठ दिसतो आहे?