न सोडलेले बासन

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. ‘हे टाकून द्या’ म्हणणारा एक आणि ‘राहू द्या’ म्हणणारा दुसरा. दुसऱ्या पक्षात मी एकटाच असतो. मराठीच्या प्राध्यापकाला जुन्या कागदांचा मोह सुटत नाही. त्यातून राहायला अंबाजोगाई! ज्या गावी मुकुंदराजांची समाधी आहे, आणि जिथे दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहून ठेवल्या, त्या गावात राहून रद्दीवाल्याला हाक मारायची म्हणजे मनाला कसेसेच होते.

गेल्या वर्षी मात्र पहिल्या पक्षाचा डोळा माझ्या टेबलाखालच्या काळ्या पेटीवर होता. “अहो, ही पेटी अडगळीत तरी टाका. रात्रंदिवस मांजरासारखी गुरगुरत असते,” असा ठराव मांडण्यात आला. मी जरा चिडूनच म्हणालो, “त्यात आई आहे.” त्यावर कोणी काही बोलले नाही. ठराव बारगळला.

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. वीसेक वर्षे मी फावल्या वेळात जात्यावरच्या ओव्या गोळा करतो आहे. केजकडच्या, धारूरच्या डोंगरातल्या, परळीच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या बायांपुढे बसून त्यांचा आवाज टिपून घ्यायचा, हा माझा छंद. हे काम मोठ्या प्रमाणावर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी केले; त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि 1996 साली ते आमच्या माजलगावपर्यंतही येऊन गेले होते. माझा संग्रह म्हणजे त्या सागरापुढे ओंजळभर पाणी. पण त्या ओंजळीत 2009 साली टिपलेला माझ्या आईचा आवाज होता. जाते केव्हाच माळ्यावर गेले होते. मी ते खाली काढायला लावले, आणि आई लाजत लाजत त्याच्यापुढे बसली. पुढे ती गेली. जाते पुन्हा माळ्यावर गेले. आवाज तेवढा पेटीत राहिला.

ही पेटी पुण्याला असणाऱ्या माझ्या भाच्याने जुळवून दिली. तिच्यात दोन डिस्का आहेत. जे एकीवर लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाते. अशा जुळणीला ‘रेड’ म्हणतात. 1988 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातले पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना या नावानिशी मांडली. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र बांधाव्यात, आणि त्यांतली एखादी गेली तरी काम अडू नये अशी सोय करावी, असा त्यांचा विचार. नावातल्या एका अक्षराचा अर्थ तेव्हा ‘स्वस्त’ असा होता. पुढे विकणाऱ्यांनी तो ‘स्वतंत्र’ असा केला. स्वस्त म्हटले की गिऱ्हाईक बिचकते, हे तिथेही खरेच!

“पण एखादीवरचं काही वाचता आलं नाही, तर?” मी भाच्याला विचारले होते.

“तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही, मामा,” तो म्हणाला. आणि त्याने समजावून सांगितले ते असे. डिस्कवर मजकूर बारीक बारीक तुकड्यांत ठेवलेला असतो. त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर वाचता आला नाही, की ती डिस्क तसे कळवते. मग या जोडीची व्यवस्था पाहणारी आज्ञावली तोच तुकडा दुसऱ्या डिस्कवरून वाचते, आपल्या हाती देते, आणि एवढ्यावर न थांबता तो चांगला मजकूर पहिल्या डिस्कवर त्याच ठिकाणी पुन्हा लिहायला लावते. ती जागा खरोखरीच खराब असेल, तर डिस्क आपल्या शिलकी जागांपैकी एक त्या कामाला लावते. लिहून झाल्यावर तो तुकडा परत वाचून पाहायचा. जमले, तर डिस्क जोडीत राहिली. लिहिणेच जमेना, किंवा अशा चुका फारच होऊ लागल्या, तर मात्र तिला पंगतीतून उठवायचे. एका चुकीसाठी कोणाला घराबाहेर काढायचे नाही. आधी सुधारायला संधी द्यायची. ही रीत मला फार आवडली. आमच्या परीक्षा मंडळांनी ती पाहण्यासारखी आहे.

आणखी एक गमतीची गोष्ट त्याने सांगितली. घरगुती वापराच्या डिस्का स्वभावाने हट्टी असतात. एखादा तुकडा वाचता आला नाही, तरी ‘येत नाही’ असे लवकर कबूल करत नाहीत. मिनिट मिनिट, कधी त्याहूनही अधिक वेळ, पुन्हा पुन्हा वाचून पाहतात. वर बसलेली व्यवस्था साधारण 30 सेकंद वाट पाहते आणि ही डिस्क दगावली असे समजून तिला काढून टाकते. जोडीसाठी म्हणून बनवलेल्या डिस्का मात्र काही सेकंदांतच ‘मला येत नाही’ म्हणून मोकळ्या होतात, आणि शेजारणीकडून उत्तर मिळवता येते. तोंडी परीक्षेला बसलेली दोन तऱ्हांची मुले माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

हे सारे ऐकताना मला वाटले, यात नवे ते काय? ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला सांगितली गेली. हातोहात नकला होत गेल्या. कोणाचे अक्षर लागले नाही, कोणाला शब्द कळला नाही, कोणी आपल्याच पदरची ओवी घुसडून दिली. शके 1506 मध्ये, 1584 साली, पैठणच्या एकनाथांनी त्या प्रती पुढे घेतल्या, पाठ शुद्ध केला, आणि मागाहून कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. एका प्रतीत वाचता येत नाही ते दुसरीत पाहायचे, आणि दुरुस्त करून पुन्हा लिहायचे. नाथांनी 294 वर्षांचा मळ एकदम काढला. माझी पेटी तो क्षणोक्षणी काढते, एवढाच फरक!

पण याहून मोठा फरक होता आणि तो मला नंतर समजला. नाथ ज्ञानेश्वरी वाचत होते. माझी पेटी मी वाचत नव्हतो.

भाच्याने त्या पेटीला एक नेम लावून दिला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्र उलटली की तिने दोन्ही डिस्का पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढायच्या आणि ताडून पाहायच्या. त्या रात्री तिची गुरगुर वाढायची. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्यांची तक्रार आली. मी भाच्याला फोन करून ते बंद कसे करायचे, ते विचारले. “मामा, ती राखण आहे, ती बंद नका करू,” तो म्हणाला. “अरे, दोन-दोन प्रती आहेत ना? मग कशाला रात्रीचा गोंधळ!” मी म्हणालो आणि बंद केले. कोणावर ढकलायला जागा नाही. हे माझेच कर्तृत्व.

दीड-दोन वर्षे पेटी शहाण्यासारखी वागली. मग गेल्या पावसाळ्यात, वीज चारदा गेली आणि चारदा आली अशा एका दिवशी, दोन डिस्कांपैकी एक कायमची बंद पडली. मी घाबरलो नाही. दुसरी होती ना! नवी डिस्क आणून बसवली. आता उरलेल्या डिस्कवरचा सगळा मजकूर नवीवर उतरायचा होता. तो उतरता उतरता पेटीने सांगितले, की उरलेल्या डिस्कवरच्या चाळीसेक सेक्टरांतले काही वाचता येत नाही.

“हे आज झालं?” मी विचारले.

“केव्हाचंच झालं असेल,” भाचा फोनवर म्हणाला. “कोणी तिथं वाचायला गेलंच नाही, म्हणून कळलं नाही. दर महिन्याला वाचलं असतं, तर त्या वेळी दुसरी डिस्क जिवंत होती. तिच्यावरून आपोआप दुरुस्त झालं असतं.”

डिस्कवरची चूक ही अशी मुक्याने बसून असते. जागा बिघडते ती केव्हातरी. ओरडते ती कोणी वाचायला गेल्यावर. घरगुती डिस्का बनवणारे स्वतःच सांगतात, की एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचताना एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते. म्हणजे साडेबारा टेराबाइट वाचनामागे एक. आकडा मोठा दिसतो. पण एक डिस्क मेल्यावर नवी भरायची, म्हणजे उरलेली अथपासून इतिपर्यंत वाचावीच लागते, आणि नेमके तेव्हा पाठीशी कोणी नसते. आपली माणसेही एरवी कुठे दुखते ते सांगत नाहीत. घरावर प्रसंग आला, की सगळ्यांची सगळी दुखणी एकाच दिवशी बाहेर येतात.

पेटीने त्या जागा ‘वाचता येत नाहीत’ अशा नोंदून ठेवल्या आणि बाकीचे सगळे नीट उतरवून घेतले. हजारो ओव्या वाचल्या. त्या चाळीस जागा कुठे होत्या, ते भाच्याने दोन दिवस खपून शोधून काढले. एका सेक्टरमध्ये माझ्या टिपणांतला पाव सेकंद मावतो. चाळीस सेक्टर म्हणजे दहा सेकंद. ते दहा सेकंद आईच्या ध्वनिमुद्रणातले निघाले.

त्या ओवीत दिवाळीला मुराळी येतो आहे. बहीण माळवदावर चढून वाट पाहते आहे, आणि भाऊ कोणती नदी ओलांडून येतो, त्या नदीचे नाव येते. आई ते नाव घेऊ लागते, आणि आवाज तुटतो. दहा सेकंद काही नाही. मग जात्याची घरघर आणि पुढची ओवी.

मला त्या दिवसांत राजवाड्यांची फार आठवण झाली. आमच्या बीडच्या पाटांगणात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती नाथांच्या शुद्धीकरणाच्याही आधीची, असे त्यांचे मत. 1909 साली तिच्यावरून त्यांनी ज्ञानेश्वरी छापली, तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. पण मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. छापील पाठात एखादा शब्द खटकला, तर ताडून कशाशी पाहायचा? वर्गात हे सांगताना दरवर्षी मी हळहळतो. राजवाड्यांचा काळ वेगळा, साधने वेगळी. मी मात्र सगळी साधने असताना माझी पोथी बासनात बांधली आणि बासन सोडून पाहिले नाही.

भाऊबीजेला माजलगावला ताईकडे गेलो. जेवणे झाल्यावर सगळे सांगून टाकले. ताई हसली. “एवढंच ना? मला पाठ आहे की!” ती म्हणाली, आणि हातात पदर घेऊन तिथेच म्हणायला लागली. तोच गळा, तोच हेल. मुराळी आला, माळवद आले. आणि नदी आली ती सिंदफणा!

“ताई, मांजरा गं,” मी म्हणालो. “आईचं माहेर मांजरेकाठचं. आई मांजराच म्हणायची.”

“सिंदफणा,” ताई म्हणाली. “माझ्याकडे आली, की माझ्या जात्यावर बसून आई हेच म्हणायची. माझा भाऊ कोणती नदी ओलांडून येतो? तूच सांग.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. भाच्याने एकदा सांगितलेली गोष्ट आठवली. एक डिस्क ‘वाचता येत नाही’ म्हणाली, तर दुसरीकडे पाहता येते. पण दोघीही बिनचूक वाचल्याचे सांगतात आणि दोघींचे वाचन वेगळे निघते, तेव्हा दोनच प्रतींची जोडी खरे-खोटे ठरवू शकत नाही. त्यासाठी तिसरी साक्ष लागते. आमची तिसरी साक्ष त्या दहा सेकंदांत होती.

पाठचिकित्सा शिकवणारा मी. पण त्या रात्री निवाडा केला नाही. ताईचा आवाज टिपून घेतला आणि आईच्या आवाजाशेजारी ठेवला. भोकात काही भरले नाही.

आता पेटी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर गुरगुरते. जोडी म्हणजे दुसरीकडे ठेवलेली प्रत नव्हे, हेही मला उमगले आहे. म्हणून सगळ्या ओव्यांची एक वेगळी डिस्क ताईच्या कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली आहे. ती वाचून पाहायला मला दर दोन-तीन महिन्यांनी माजलगावला जावे लागते. पूर्वी मी वर्षातून एकदाच, भाऊबीजेला, जात असे.

यंदा घर झाडताना पहिल्या पक्षाने पेटीखालची धूळ पुसली आणि पेटी होती तिथे ठेवली. “काल रात्री गुरगुरली नाही ती,” मला सांगण्यात आले. मी कॅलेंडर पाहिले. रविवार दुसरा होता.