वहीतले प्रवचन

गुरुविद्यालयात प्रवचनकला आम्हांला मनःपूर्वक शिकविली गेली. वर्गमित्रांसमोर दहा मिनिटे बोलावयाचे व त्यांनी दोष टिपावयाचे, असा तो क्रम असे. पहिल्या धर्मग्रामात सहायक म्हणून रुजू झालो तेव्हा आमच्या वहीत तीसएक प्रवचने तयार होती. त्या वहीचा आम्हांला अभिमानही होता, हे कबूल केले पाहिजे.

धर्मग्राम समुद्रकाठचा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि त्याच आठवड्यात एक तरुण बुडाला. प्रमुख धर्मगुरू आजारी असल्याने अंत्यविधीची मिस्सा आमच्यावर आली. वहीत पुनरुत्थानावरचे प्रवचन होतेच. संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील पंधरावा अध्याय, नाशवंत देह आणि अविनाशी देह, हे सारे आम्ही वीस मिनिटे उलगडून सांगितले. ख्रिस्तमंदिर स्तब्ध होते. आम्हांला वाटले, साधले.

दफनविधीनंतर त्या मुलाची आई जवळ आली. म्हणाली, “फादर, तुम्ही पुष्कळ बोललात. माझ्या पोराचं नाव मात्र एकदाही घेतलं नाहीत.”

प्रार्थनेत आम्ही ते कागदावरून वाचले होते, एवढेच. प्रवचनात ते कोठून येणार? ते लिहिले तेव्हा तो मुलगा जिवंत होता.

प्रमुख धर्मगुरूंना हे सांगितले. त्यांनी सांत्वन केले नाही. “उद्यापासून रोज संध्याकाळी पाच घरे,” इतकेच म्हणाले. आम्हांला राग आला. आमची प्रवचने त्यांनी ऐकलीही नव्हती!

संत ऑगस्टीन यांना इ. स. ३९१ मध्ये हिप्पोच्या लोकांनी धरून धर्मगुरुपदासाठी पुढे केले, तेव्हा त्यांनी बिशप व्हॅलेरियस यांच्याकडे शास्त्राभ्यासासाठी ईस्टरपर्यंत सवड मागितली. आमचे उलट होते. शास्त्र पाठ होते, माणसे अनोळखी होती. पुढे याच ऑगस्टीन यांनी, आपले बोलणे कंटाळवाणे होते असे वाटणाऱ्या एका डीकनला लिहिले की स्वतःचे बोलणे आपल्यालाही बहुधा आवडत नाही. आणि श्रोता उभा राहून थकला असेल तर त्याला बसावयास द्यावे. एवढ्या मोठ्या ईशज्ञानी पुरुषाने आसनाची काळजी करावी!

पाच घरे करता करता आम्ही त्या आईच्या ओट्यावरही जाऊ लागलो. आरंभी ती बोलतच नसे. मग हळूहळू कळले की मुलगा जाळी विणण्यात तरबेज होता, गायनवृंदात हमखास उशिरा येई, आणि होडीचे कर्ज अजून फिटावयाचे होते. वर्षश्राद्धाच्या मिस्सेत आम्ही चार मिनिटे बोललो, तेही अडखळत. वही खोलीतच होती. मिस्सेनंतर ती माउली काही बोलली नाही. सुक्या बोंबलांची एक जुडी धर्मगुरुनिवासाच्या पायरीवर ठेवून गेली.

आता आमच्याकडे एक तरुण सहायक धर्मगुरू आहेत. शनिवारी रात्री ते प्रवचन तपासावयास आणतात. आम्ही विचारतो, या आठवड्यात कोणाकडे जाऊन आलात? ते थोडे रागावतात.