साबुदाणा आणि गांधीलमाशी

बी.ए.ला माझा विषय मराठी, शाळेतही आयुष्यभर मराठीच शिकवलं. त्यामुळे प्राणिशास्त्राशी माझा संबंध तसा शब्दांपुरताच. पण तेवढा आहे! वर्तमानपत्रात 'कोळ्याची नवी प्रजाती सापडली' अशी बातमी आली की माझा हात अजूनही लाल पेनाकडे जातो. बहुतेक वेळा सापडलेली असते ती जाती. प्रजाती ही तिच्या वरची पायरी, जवळच्या जातींचं एक घराणं म्हणा ना. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. म्हणजे हजेरीपटावर असायचं तसं, आडनाव आधी आणि नाव नंतर.

वर्गात मात्र तीन जाधव चालतात. प्राण्यांच्या प्रजातींना ही सवलत नाही. आज जिवंत असो की कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेली असो, साऱ्या प्राणिसृष्टीत एक प्रजातीनाव एकदाच वापरायचं असा नियम आहे. १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या एका डायनोसॉरला 'सिंटार्सस' असं नाव दिलं गेलं. पण १८६९ पासून ते एका भुंगेऱ्याच्या नावावर होतं! नियम म्हणजे नियम, भुंगेरा जिंकला. २००१ मध्ये तीन कीटकशास्त्रज्ञांनी त्या डायनोसॉरचं नवं बारसं केलं, 'मेगाप्नोसॉरस'. अर्थ काय, तर 'मोठा मेलेला सरडा'. ही मंडळी रुक्ष असतात असं कोण म्हणतं?

इथवर सगळी गंमत. पण नावांच्या या हिशेबावर माणसांच्या पोटाचा प्रश्न कसा अडतो, ते मला परजीवी गांधीलमाश्यांबद्दल वाचताना कळलं.

संतसाहित्यातला भ्रमर-कीटकाचा दृष्टान्त तुम्हाला ठाऊक असेलच. माशी अळीला घरट्यात कोंडते, अळी भीतीनं तिचंच ध्यान करत राहते आणि शेवटी स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. भक्तीसाठी दृष्टान्त फार सुंदर. निसर्गात मात्र तसं घडत नाही. कुंभारीण माशी अळीला नांगी मारून बधिर करते, मातीच्या घरट्यात तिच्याबरोबर आपलं अंडं ठेवते, आणि त्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. परजीवी माश्यांपैकी बहुतेक जणी तर घरट्याच्या भानगडीतही पडत नाहीत. सरळ दुसऱ्या किड्याच्या अंगावर किंवा अंगात अंडं घालतात. पिल्लू वाढतं, यजमान मरतो. दयाळू ईश्वरानं हे मुद्दाम निर्माण केलं असेल हे डार्विनला पटेना. १८६० मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं तसं म्हटलं आहे. त्याला खटकलेल्या त्या एकट्या इक्न्यूमोनिडी कुलातच आजवर सुमारे २५,००० जातींना नावं दिली गेली आहेत.

यातल्या कितीतरी माश्या खाण्याच्या बाबतीत भलत्याच सोवळ्या. ठरलेला यजमान सोडून दुसरा चालत नाही. नामशेष माश्यांचा यजमान कोण, हे आता कुणाला विचारणार? म्यानमारमध्ये राळेचा दगड होऊन जे अंबर मिळतं, त्यातल्या सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या एका माशीला २०२५ मध्ये 'सायरेनोबेथायलस' हे प्रजातीनाव मिळालं. तिच्या पोटाच्या टोकाला चक्क उघडझाप करणारा सापळा आहे. अंडं घालताना त्यात ती यजमानाला धरून ठेवत असावी असा तर्क आहे. तिथं तर्कावर भागतं. जिवंत माशीच्या बाबतीत भागत नाही.

१९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर पिठ्या ढेकूण पडला. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. आपल्याला तो उपासाला लागतो. तिथं सुमारे २० कोटी लोकांचं ते रोजचं अन्न. काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत पीक गेलं. पीक मुळात दक्षिण अमेरिकेतलं, तेव्हा कीडही तिथलीच असणार आणि तिचा शत्रूही तिथंच असणार, असा सरळ हिशेब. शोध सुरू झाला. त्या खंडाच्या उत्तर भागात कसाव्यावर हुबेहूब तसाच पिठ्या ढेकूण सापडला, त्याच्या परजीवी माश्याही सापडल्या. पण आफ्रिकेतल्या ढेकणावर त्या वाढेचनात.

कारण ढेकूणच वेगळा होता. प्रजाती एकच, फेनाकोकस. जाती मात्र दोन. आफ्रिकेतल्या जातीत नुसत्या माद्याच, नराशिवाय वंश चालवणाऱ्या. या दुसऱ्या जातीत नर आणि माद्या दोन्ही. आफ्रिकेतल्या जातीचं नामकरण १९७७ मध्ये 'मॅनिहोटी' असं झालं होतं, या दुसरीला १९८१ मध्ये 'हेरेनी' हे नाव मिळालं. त्याच वर्षी खरी 'मॅनिहोटी' खूप दक्षिणेला, पराग्वेत सापडली आणि तिच्या अंगात एक इवलीशी माशी. त्याच वर्षी ती नायजेरियात सोडली, पुढे आफ्रिकेतल्या देशोदेशी, आणि कसावा सावरला. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

ती माशी काही अनोळखी नव्हती. अर्जेंटिनातल्या डी सांतिस यांनी १९६४ मध्येच तिला 'लोपेझी' हे नाव देऊन ठेवलं होतं. कशासाठी उपयोगी पडेल याची तेव्हा कुणाला कल्पना असणार! प्रजाती मात्र तिची बदलत राहिली. जुन्या लेखांत ती एपिडिनोकार्सिस, नंतर अपोअनागायरस, आता अनागायरस. सासर बदललं तरी 'लोपेझी' तीच.

२०२० मध्ये हाच पिठ्या ढेकूण केरळात, त्रिशूरला दिसला. तिथून तमिळनाडूत पोचला, म्हणजे साबुदाण्याच्या गावी, सेलमकडे. या वेळी खंडभर भटकावं लागलं नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनं २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या बेनिनहून नेमकी 'अनागायरस लोपेझी' मागवली, आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातल्या शेतांत ती सोडली गेली.