आपल्या पायानं आलेलं पाणी

आमच्या माण तालुक्यात पाणी बघायला लांब जावं लागतं. माणगंगा नावाची नदी आहे, पण पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर तिच्यात नुसती वाळू. त्या वाळूत झिरा खणायचा, नरोटीनं पाणी घागरीत भरायचं, यात आमच्या आयांचं निम्मं आयुष्य गेलं. १९७२ च्या दुष्काळात तर झिरेसुद्धा आटले. १९७७ साली आमच्या दहावीच्या वर्गाची सहल साताऱ्याला निघाली तेव्हा गुरुजी म्हणाले, इतिहास बघायचाय. मी बघून आलो ते पाणी.

वर्गणी होती अकरा रुपये. वडील म्हणाले, "गड बघून पोट भरतंय व्हय?" त्यांचंही खरं होतं, घरात सात तोंडं. आईनं काही न बोलता दोन कोंबड्या बाजारात नेल्या. निघायच्या दिवशी बाजरीच्या चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून दिला.

दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत एसटी माहुलीला आली. इथं कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. जानेवारी महिना होता, आणि नदी वाहत होती! आमच्यातला एकजण म्हणाला, "गुरुजी, वर कुठं पाऊस झालाय का?" गुरुजींनी आम्हाला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवली. राजानं कुत्र्याचं इमान दगडात बांधून ठेवलं, याचं आम्हा मेंढरं राखणाऱ्या पोरांना फार बरं वाटलं.

मग अजिंक्यतारा. सातारा शहर या गडाच्या पायथ्याशीच पसरलंय. चढून चढून पोटऱ्या भरून आल्या. वर बसून गुरुजी सांगायला लागले. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः फौज घेऊन खाली येऊन बसला. प्रयागजी प्रभूंनी चार महिने गड लढवला. मोगलांनी सुरुंग लावला तर तट ढासळून त्यांचीच माणसं गाडली गेली. एप्रिल १७०० मध्ये गड पडला खरा, पण १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला, आणि पुढं त्यांनीच गडाखाली हे शहर वसवलं.

मी विचारलं, "गुरुजी, चार महिने ती माणसं पाणी कुठलं पीत होती?"

पोरं हसली. गुरुजी मात्र उठले आणि आम्हाला तळ्याकडं घेऊन गेले. म्हणाले, "या डोंगरावर नदी न्हाय, ओढा न्हाय. वरनं पडतं तेवढंच. ते धरून ठेवलं म्हणून लढता आलं." तलवारीच्या गोष्टी मी बऱ्याच ऐकल्या होत्या. तळ्याची ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

शहरात उतरल्यावर पोरं कंदी पेढ्याच्या दुकानाकडं पळाली. मी रस्त्याच्या कडेच्या नळापाशी थांबलो. एक मावशी कळशी भरत होत्या. विचारलं, "मावशी, ह्याचं इंजन कुठं हाय?"

"इंजन कशाला? कासवरनं येतंय. कास वर डोंगरात, आमी खाली. आपल्या पायानं येतंय पाणी."

कास तिथून पंचवीसएक किलोमीटर. इंग्रजांच्या काळातला तलाव. नुसत्या उतारावर पाणी एवढं लांब चालत येतं हे माझ्या डोक्यात मावेना.

परतताना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीला गेलो. वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं, हे गुरुजींनी तिथं सांगितलं. मला त्या दोन कोंबड्या आठवल्या. खिशात चार आणे होते, त्यांचा आईसाठी पेढा घेतला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. गड, बादशहा, सुरुंग, सगळ्याला ती "हं" म्हणाली. नळाचं ऐकल्यावर चुलीतलं लाकूड हातातच राहिलं. "डोंगरावरनं पाणी चालत घरात येतंय? मग तिथल्या बायका दिवसभर करत्यात तरी काय?"

मला उत्तर देता आलं नाही.

दहावीनंतर मी शेतात लागलो. पुढं रोजगार हमीवर आमच्या शिवारात पाझर तलाव झाला. त्यावर मीही पाटी उचलली आहे. पाऊस झाला त्या वर्षी खालच्या विहिरीला पाणी टिकायला लागलं. १९९४ साली विहिरीवर मोटार बसवली आणि घरामागच्या टेकाडावर सिमेंटची टाकी बांधली. लोक म्हणाले, टाकी दारात बांधायची सोडून एवढ्या उंचावर कशाला? मी म्हटलं, साताऱ्याला शिकून आलोय.

नळ सोडला त्या दिवशी आईचं वय सत्तरीच्या घरात होतं. डोक्यावर चुंबळीच्या जागी केस विरळ झालेले. तिनं हात धारेखाली धरला, बराच वेळ धरला. मग म्हणाली, "बंद कर बाबा. उगं वाया जातंय."