मनीची शिकार

तुमच्या घरी मांजर आहे का? असेल, तर पोट भरलेले असतानाही ते शिकारीला निघते, हे तुम्ही पाहिले असेल. मला ही गोष्ट समजली, पण त्याआधी एका पाखराचा जीव गेला.

आमचे घर डहाणू तालुक्यातील आगर गावात, चिकूच्या वाडीत आहे. समुद्र जवळ असल्यामुळे आमच्या मनीला मासळीची कमतरता नव्हती. बोंबील-भात खाऊन ती ओटीवर लोळत पडे. एका उन्हाळ्यात दयाळ पक्ष्यांच्या जोडीने विहिरीच्या भिंतीतील भोकात घरटे केले. पहाटे नराची गोड शीळ ऐकून मी जागा होई आणि दुरूनच पिल्ले पाहत उभा राही.

एके सकाळी एक पिल्लू उडता उडता खाली पडले. मनीने पोट जमिनीला टेकवले. तिच्या शेपटीचे टोक हलू लागले. मी ओरडेपर्यंत तिने झेप घेतली होती! पिल्लू तिने खाल्लेही नाही. ते तोंडात धरून आणले आणि माझ्या पायाशी ठेवले. मी रागाने झाडू फेकून मारला. दोन दिवस मनी घरी आली नाही.

"ती दुष्ट आहे," मी रडत म्हणालो.

आजी म्हणाली, "अरे, उंदीर मारला की शाबासकी आणि पाखरू मारले की झाडू? त्या मुक्या जीवाला हा फरक कसा कळायचा?"

मी गप्प झालो.

पुढे मी याविषयी वाचले. सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसे शेती करू लागली. धान्यासाठी उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजरे आली. ती माणसांजवळ राहिली, पण शिकार विसरली नाहीत. उगाच का मराठीत तिला 'वाघाची मावशी' आणि तुमच्या उर्दूत 'शेर की खाला' म्हणतात! रानात प्रत्येक झेप साधत नाही. भूक लागेपर्यंत थांबले, तर उपास घडायचा. म्हणून काही हलले, की मांजर भूक नसतानाही झेपावते. मनीने मला भेट दिली, असे शेजारी म्हणत. मला ते पटत नाही. शिकार ओळखीच्या, सुरक्षित जागी आणणे हा मांजरांचा स्वभावच आहे.

मग यावर उपाय काय? 2021 साली इंग्लंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मांजरांना रोज 5 ते 10 मिनिटे खेळवले, तेव्हा त्यांनी घरी आणलेल्या शिकारीत सुमारे 25 टक्के घट झाली. गळ्यातल्या घुंगराचा मात्र फारसा उपयोग दिसला नाही.

मनी आता नाही. तिची नात आमच्याकडे आहे. पाखरांची पिल्ले घरट्याबाहेर पडू लागली, की सकाळ-संध्याकाळ आम्ही तिला घरात ठेवतो. मी दोरीला कोंबडीचे पीस बांधून जमिनीवरून ओढतो. तीही पोट टेकवते, शेपटीचे टोक हलवते आणि झेप घेते. बाहेर विहिरीवर दयाळ शीळ घालत असतो. ती क्षणभर कान टवकारते. मी लगेच दोरी ओढतो.