‘वजन उचलू नका’ एवढे सांगून भागत नाही

चिकलठाणा एमआयडीसीतून निवृत्त झालेले एक फिटर कंबर धरून आले. वय 68. सोसायटीच्या बागेतले गवत कापायचे यंत्र त्यांनी पाते साफ करायला वाकून उचलले होते. “वजन उचलू नका,” असे सांगून मी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार. बाग ते सोडणार नव्हते आणि दुसरा मार्ग मी सांगितलाच नव्हता.

या वेळी विचारले, “काका, कारखान्यात 30 किलोचा पार्ट कसा उचलायचात?”

“चेनपुलीने. हाताने उचलला तर सुपरवायझर ओरडायचा.” आणि स्वतःच हसले.

वयानुसार स्नायूंची ताकद घटते, हाडे ठिसूळ होतात, मणक्यांमधल्या चकत्यांतले पाणी कमी होते. वाकून, हात लांब करून वजन उचलले, की कमरेवर त्याच्या कितीतरी पट भार येतो.

आता काका यंत्र छोट्या लिफ्टने वर घेतात. तुम्हीही तसे करणार असाल, तर आधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढा. यंत्राखाली पक्का आधार लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

वजन उचलल्यावर पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उतारवयात पाठीत अचानक तीव्र कळ आली, तर मणक्याचे फ्रॅक्चर असू शकते, तपासून घ्या.

तरुणपणी चेनपुली वापरताना लाज वाटली नाही. मग आता कसली?