कोणाकडे आलात?

रत्नागिरीकडच्या कुठल्याही वाडीत शिरा, पाखाडी चढून वर जाईपर्यंत कोणीतरी विचारणारच, "कोणाकडे आलात?" मुंबईच्या पाहुण्याला हा भोचकपणा वाटतो. मला विचाराल तर वाडीची खरी राखण हीच. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर चाकरमान्यांची घरं बंद. चावी शेजारच्या काकूंकडे. त्या अधूनमधून दार उघडतात, वाळवी लागली का बघतात, तुळशीला पाणी घालतात. पडवीतलं बाकडं वीतभर सरकलेलं असलं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. हापूसच्या मोसमात कलमांच्या राखणीला नेपाळी गडी ठेवतात. बंद घराला पगारी राखणदार कोण ठेवणार?

रत्नागिरी शहरात, मारुती मंदिराच्या आसपासच्या इमारतींत, समोरच्याचं आम्हाला दारावरच्या पाटीपुरतं आडनाव माहीत. म्हणून आम्ही कॅमेरे बसवले. चोरी झाल्यावर चोराची पाठ दिसते त्यात. जिन्यात अडवून "कोणाकडे?" हे काही कॅमेरा विचारत नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहा दहशतवादी मुंबईत कफ परेडला बधवार पार्कपाशी उतरले, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. हातात काठीही नसलेली माणसं. पण आपला किनारा, आपल्या होड्या आणि आपली पोरं त्यांना पाठ होती. आमच्याकडच्या सागर सुरक्षा दलांची भिस्तही अशाच मच्छीमारांवर आहे.

पण हटकणं वेगळं आणि हात टाकणं वेगळं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. ग्रामपंचायतीच्या खोलीत मारलं त्यांना. गाव जागं होतं म्हणावं, तर असं. ते कोण, कुठले, हे ऐकून घ्यायला तेवढं कोणी थांबलं नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो टाकून "सावधान" लिहिणाऱ्यांना म्हणून सांगणं आहे: फोटो राहू द्या. खाली उतरा, नीट विचारा, उत्तर ऐका. पटलं नाही तर 112 लावा. पुढचं पोलीस बघतील.